एकच धंदा एकाच जागी का गोळा होतो, हे शोधायचं कसं

कुठलीही एक वस्तू घ्या आणि ती बनते कुठे ते नकाशावर बघा. बहुतेक वस्तू सगळीकडे थोड्या थोड्या बनत नाहीत, कुठल्यातरी एका पट्ट्यात ढिगाने बनतात. जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि सुरतेच्या आसपास हिऱ्याची खाण नाही. अमेरिकेतले बहुतेक गालिचे जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन नावाच्या छोट्या शहराच्या आसपास बनतात. सियालकोटात फुटबॉल आणि ऑपरेशनची हत्यारं, स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरात घड्याळं, व्हेनिसशेजारच्या मुरानो बेटावर काच. असं का, हे विचारलं की पहिलं जे उत्तर मिळतं, तिथे पाणी चांगलं होतं, कोळसा होता, सरकारने जमीन दिली, ते घेऊन लोक थांबतात. तिथेच गडबड होते. कारण हा एक प्रश्न नाहीये, दोन आहेत. धंदा तिथे सुरू का झाला हा एक आणि आजही तिथून हलत का नाही हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी निघतात आणि पहिलं कारण तर कित्येकदा कधीच संपलेलं असतं, तरी धंदा तिथेच असतो.

तुम्ही प्रोजेक्टसाठी शोधत असाल, कारखाना कुठे टाकायचा ठरवत असाल, किंवा आपल्या भागात असं काही उभं करायचं डोक्यात असेल, काम ज्या क्रमाने करायचं तो क्रम खाली देतोय.

आधी बघा, तो खरंच गोळा झालाय का

ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि मग नसलेल्या गोष्टीचं कारण शोधत बसतात. हिशोब सोपा आहे. समजा एका भागात 10,000 लोक कामाला आहेत आणि त्यातले 800 चपला-बुटांच्या धंद्यात आहेत, म्हणजे 8 टक्के. पूर्ण देशात कामाला असणाऱ्यांपैकी 2 टक्के लोक त्या धंद्यात आहेत. 8 ला 2 ने भागा, उत्तर 4. म्हणजे देशाच्या मानाने तिथे तो धंदा चौपट दाट आहे. उत्तर 1 च्या आसपास आलं तर तिथे विशेष काही नाही, दुसरी जागा बघा.

पण 4 आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. त्या 800 पैकी 780 लोक एकाच कारखान्यात असतील तर तो एक मोठा कारखाना आहे, गोळा झालेला धंदा नव्हे. मालकाने उद्या कुलूप लावलं की आकडा जवळजवळ शून्यावर. आणि नुसत्या योगायोगानेही थोडी गर्दी होतेच, डोळे बांधून नकाशावर मूठभर खडे फेकले तरी काही चौकोनांत दोन-तीन पडतात आणि काही रिकामे राहतात. ग्लेन एलिसन आणि एडवर्ड ग्लेझर यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या उद्योगांसाठी नेमका हाच फरक मोजला, की नुसत्या योगायोगाने जेवढी गर्दी झाली असती त्यापेक्षा खरी गर्दी किती जास्त आहे. जवळजवळ सगळेच उद्योग योगायोगापेक्षा जास्त गोळा झालेले निघाले, पण त्यातले बरेचसे थोडेसेच. म्हणून लोकांच्या आकड्याबरोबर कारखाने किती आहेत तेही मोजा. छोटे-मोठे मिळून निदान काही डझन असले तरच पुढे जा.

मग वजनाची परीक्षा घ्या

सुरुवातीचं कारण शोधायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे तराजू. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 मध्ये हे नीट मांडलं. विचार साधाच आहे, कच्च्या मालाचा पक्का माल होताना वजन कमी होत असेल तर कारखाना कच्च्या मालाजवळ जातो, वाढत असेल तर गिऱ्हाइकाजवळ. 100 किलो उसातून साखर निघते साधारण 10-11 किलो, आणि तोडलेला ऊस ठेवला की त्यातली साखर दिवसागणिक कमी होत जाते, त्यामुळे साखर कारखाना उसाच्या शेतांपासून लांब जाऊच शकत नाही. सिमेंटचं तसंच, चुनखडी जिथे तिथे भट्टी. बाटलीबंद पेयांचं उलटं, त्यात बहुतेक पाणीच असतं आणि पाणी सगळीकडे असतं, म्हणून बाटल्या भरायचे कारखाने शहरांच्या जवळ पसरलेले दिसतात.

कधी कधी 'कच्चा माल' डोळ्यांना दिसतच नाही. आइसलँडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट सापडत नाही, तरी तिथे अ‍ॅल्युमिनियमचे मोठे कारखाने आहेत, कारण एक किलो अ‍ॅल्युमिनियमला 13 ते 15 युनिट वीज लागते आणि तिथे नद्यांची आणि जमिनीखालच्या वाफेची वीज भरपूर. म्हणजे जहाजातून येते ती बॉक्साइटपासून केलेली पांढरी पूड, तिच्यात तिथली वीज ओतायची आणि धातू परत पाठवायचा.

निसर्गाचं कारण सगळ्यात उघड कुठे दिसतं तर गुजरातेत, जुनी जहाजं मोडतात त्या अलंगला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड, मोठ्या उधाणाला 10 मीटरच्या आसपास जातो, आणि किनारा अगदी मंद उताराचा. मोडीत काढायचं जहाज उधाणाची वाट बघत बाहेर थांबतं आणि पाणी पूर्ण चढलं की इंजिनाचा सगळा जोर लावून सरळ किनाऱ्यावर घुसवतात. ओहोटी लागली की तेच जहाज, इमारतीएवढं, चिखलात कोरडं उभं. ना गोदी लागत, ना मोठी क्रेन, समुद्रानेच ते उचलून ठेवलेलं असतं. 1983 ला तिथे जहाजं मोडायला सुरुवात झाली. आता अलंगहून भावनगरकडे जाणारा रस्ता बघा, दोन्ही बाजूंना जहाजातून निघालेल्या पलंगांची, भांड्यांची, दोरखंडांची, जनरेटरची दुकानं, आणि पलीकडे तेच लोखंड तापवून सळ्या ओढणाऱ्या गिरण्या. भरतीने फक्त जहाज आणलं, त्याच्या मागचा सगळा बाजार नंतर माणसांनी उभा केला.

वजनाची परीक्षा जिथे नापास होते तिथे खरी मजा सुरू होते. मूठभर हिऱ्यांचं वजन किती आणि ते विमानाने न्यायला लागतं किती? मालाच्या किमतीपुढे काहीच नाही. म्हणजे वाहतुकीचं कारण सुरतेला लागूच पडत नाही, वाहतूक इतकी किरकोळ असेल तर हे काम जगात कुठेही व्हायला हवं होतं. ते नाही झालं, याचा अर्थ दुसरं काहीतरी त्याला धरून ठेवतंय.

सुरुवातीची गोष्ट ऐका, पण तिच्यावर थांबू नका

प्रत्येक ठिकाणी एक सुरुवातीची गोष्ट असते आणि ती सांगायला लोकांना आवडतं. ती जरूर लिहून घ्या. फक्त तिच्यापुढे एक प्रश्न लिहा, 'हे कारण आज जिवंत आहे का?'

मुरानोचं बघा. 1291 मध्ये व्हेनिसच्या सरकारने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून त्या बेटावर न्यायला लावल्या, कारण लाकडाच्या शहरात भट्ट्या म्हणजे आगीची भीती. ती भीती जाऊन शतकं लोटली, काच अजून तिथेच. सिलिकॉन व्हॅलीच्या बाबतीत विद्यापीठ, लष्कराची कंत्राटं अशी मोठी कारणं होतीच, पण ट्रान्झिस्टरच्या शोधातला एक भागीदार विल्यम शॉकली याने 1956 मध्ये आपली प्रयोगशाळा तिथे थाटली त्यामागे तो त्याच भागात वाढला होता आणि त्याची आई तिथे राहत होती हेही होतं. हॉलिवुडला ऊन होतं, डोंगर-वाळवंट-समुद्र हाताशी होता. आज ऊन स्टुडिओत दिव्यांनीही पाडता येतं.

मला सगळ्यात आवडतं ते डाल्टनचं. 1895 च्या सुमारास कॅथरिन इव्हान्स नावाच्या 15 वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलीने लग्नात भेट द्यायला एक चादर केली. साध्या सुती कापडावर नक्षी आखून घेतली, जाड सुताने टाके घातले, टाक्यांचे फुगे कात्रीने कापले, आणि मग चादर गरम पाण्यात धुतली. धुतल्यावर कापड आटतं, आटलं की विणीची भोकं आवळतात आणि कापलेलं सूत गच्च धरून ठेवतात, वरचं टोक फुलून मऊ गोंडा होतो. गाठ नाही, गोंद नाही. जुनी, जवळजवळ विसरलेली कला होती ती, तिने पुन्हा उभी केली. 1900 ला पहिली चादर विकली गेली, मागणी वाढली, तिने शेजारणींना शिकवलं, मग छापलेलं कापड आणि सूत घरोघर पोचवायचं आणि तयार चादरी गोळा करायच्या एवढंच काम करणारी माणसं तयार झाली. रस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर रंगीत चादरी वाळत, विकायला टांगलेल्या असायच्या. मग जवळच्या चॅटनूगा शहरातल्या मशीनवाल्यांनी ते टाके घालणारी मशीनं बनवली, दुसऱ्या महायुद्धानंतर मशीनं रुंद झाली, आणि चादरीचा गोंडा जमिनीवर आला, म्हणजे गालिचा. पॉल क्रुगमनने 1991 मध्ये हेच उदाहरण घेऊन दाखवलं की एवढ्या मोठ्या उद्योगाची जागा एका मुलीच्या एका भेटीवर ठरू शकते (क्रुगमनला 2008 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते व्यापार आणि उद्योगांच्या जागा या कामासाठीच).

पण नीट बघा, चादर काय हजारो मुलींनी केली असेल. डाल्टनमध्ये वेगळं हे झालं की तिने ती कला शिकवली, आणि शिकलेल्या हातांच्या भोवती सूतवाले, रंगवाले, मशीनवाले येऊन बसले. सुरुवात योगायोगाने झाली असेल, पुढचं योगायोगाने झालेलं नाही.

आता मुख्य काम: आज कशाने धरून ठेवलंय

1890 मध्ये आल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने तीन गोष्टी सांगितल्या आणि इतक्या वर्षांत त्यात भर पडली तरी त्या खोट्या ठरल्या नाहीत. एक, त्या कामाची माणसं तिथे सापडतात. दोन, त्या कामाला लागणारं सामान आणि सेवा देणारे तिथे तयार होतात. तीन, कामाची अक्कल तिथल्या हवेतच असते, पोरं न शिकवता शिकतात.

हे पाठ करायची गरज नाही, पण शोधायचं कसं ते महत्त्वाचं. कारखानदाराला 'तुम्ही इथे का?' असं कधी विचारू नका. तो वडिलांची नाहीतर पाण्याची गोष्ट सांगेल. त्याऐवजी हे तीन विचारा, तुमचं मशीन शेवटचं बंद पडलं तेव्हा काय केलंत? शेवटचा माणूस कामावर घेतला तो आधी कुठे होता? आणि अलीकडे तुम्ही कामात जो बदल केलात तो पहिल्यांदा कुठे बघितलात? लोक मतं सांगताना चुकतात, पण परवा काय घडलं ते बरोबर सांगतात.

पहिला प्रश्न माझ्या मते सगळ्यात जास्त बोलतो. समजा मोजे विणायचं मशीन रात्री थांबलं, सुई मोडली. धंद्याच्या गावात फोन केला की अर्ध्या तासात एक माणूस पिशवी घेऊन येतो, पिशवीत नेमक्या त्याच मशीनच्या सुया, तो आवाज ऐकूनच सांगतो की नुसती सुई नाही, कॅमही (सुयांना वर-खाली हलवणारा भाग) घासलाय. बाहेरच्या गावात तीच सुई कुरिअरने दोन दिवसांनी येते आणि तोपर्यंत मशीन, कामगार आणि ऑर्डर तिन्ही बसून. आता हिशोब करा की असा माणूस तिथेच का असतो. मशीन वर्षातून दोनदा बिघडतं असं धरा, आणि दुरुस्तीवाल्याचं घर चालायला वर्षाला 300 कामं लागतात असं धरा, म्हणजे त्याला आसपास 150 मशीनं पाहिजेत. 20 मशीनं असलेल्या गावात तो राहूच शकत नाही, तो इतर चार प्रकारची कामं करेल आणि कुठल्याच कामात तेवढा तयार होणार नाही. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये म्हटलंय तेच हे, बाजार जेवढा मोठा तेवढी कामाची वाटणी बारीक. म्हणून गोळा झालेल्या धंद्याची खरी खूण मोठ्या फाटकांवर नसते, गल्लीतल्या छोट्या पाट्यांवर असते. फक्त बटणाला भोकं पाडणारा, फक्त खोके छापणारा, फक्त जुन्या मोटरी भरणारा, असे एका-एका कामाचे लोक मोजा, जेवढे जास्त तेवढी मुळं खोल.

या पाट्यांवरून शेजारचे धंदेही कळतात. तमिळनाडूतलं शिवकाशी घ्या. कोरडी हवा, पाऊस कमी, शेतीत फारसं हाती लागत नाही, म्हणजे माणसं कामाच्या शोधात. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायचं काम शिकून आले आणि 1923 मध्ये तिथे काडेपेट्या सुरू झाल्या. काडीला कोरडी हवा लागते, ती फुकट. काडेपेटीवर लेबल लागतं, ते बाहेरून आणण्यापेक्षा इथेच छापू म्हणून छपाई आली. काडीची पेट घेणारी रसायनं आणि कागद दोन्ही हाताशी, त्यातून फटाके. आणि लेबलं छापता छापता छपाई इतकी वाढली की कॅलेंडरं-डायऱ्या देशभर जायला लागल्या. छपाईला कोरड्या हवेचा थोडा फायदा असेल, पण ती तिथे आहे ती काडेपेटीमुळे. नुसती छपाई बघून कारण शोधलं असतं तर सापडलंच नसतं. त्यामुळे एखादा धंदा तिथे का आहे ते कळत नसेल तर त्याचं आधीचं गिऱ्हाईक कोण होतं ते विचारा.

माणसांबद्दल. एका कामाचे पन्नास कारखाने जवळजवळ असले की तो दोन्ही बाजूंनी विमा होतो. कामगाराची नोकरी गेली तर घर न बदलता, पोरांची शाळा न बदलता पुढच्या गल्लीत काम मिळतं, आणि मालकाला अचानक मोठी ऑर्डर आली तर चार दिवसांत तयार हात मिळतात. एकट्या कारखान्याच्या गावात हेच दोघं एकमेकांच्या तावडीत असतात. म्हणून आईबाप पोरांना तेच काम शिकवायला धजावतात, कारण शिकलेलं एकाच मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसतं. हे तपासायचं तर दहा कामगारांना गेल्या पाच वर्षांत किती ठिकाणी काम केलं ते विचारा. सगळे एकाच ठिकाणी चिकटलेले असतील तर तिथे कामगारांचा बाजार नाही, नुसती वस्ती आहे.

तिसरी गोष्ट, अक्कल, ही पकडायला सगळ्यात अवघड, कारण तिचं ना बिल असतं ना वजन. तरी तिच्या पावलांचे ठसे सापडतात. 1993 मध्ये अ‍ॅडम जॅफे, मॅन्युएल ट्राख्टेनबर्ग आणि रिबेका हेंडरसन यांनी अमेरिकेतली पेटंटं तपासली. नवीन पेटंटमध्ये आधीच्या ज्या पेटंटचा आधार घेतलेला असतो त्याची नोंद करावी लागते, आणि दिसलं असं की हे आधार अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळा त्याच शहरातल्या, त्याच राज्यातल्या पेटंटचे असतात. पेटंट म्हणजे तर छापील, जगात कुणीही वाचावं असं, तरी जवळच्यांनाच ते आधी कळतं.

तुम्हाला पेटंटं चाळायची नसतील तर धंद्याचा वंशवृक्ष काढा. कोण कुणाकडून फुटला? 1957 मध्ये शॉकलीच्या वागण्याला कंटाळून आठ जण एकदम बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यातलेच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 ला इंटेल काढली, 1969 ला फेअरचाइल्डमधूनच निघालेल्या लोकांनी एएमडी काढली, आणि आठांपैकी यूजीन क्लायनर पुढे 1972 मध्ये नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फर्मचा भागीदार झाला. म्हणजे कंपन्याही त्याच घरातल्या आणि पैसाही त्याच घरातला. कागदावर ही झाडं काढली की एकाच खोडातून किती फांद्या निघाल्यात ते डोळ्यांनी दिसतं. आणि फुटून निघालेली माणसं लांब जात नाहीत, कारण ओळखीचे सप्लायर, सोबत येणारे जुने सहकारी, बायकोची नोकरी, सगळं तिथेच असतं.

इथे कायदाही बघायला विसरू नका. कॅलिफोर्नियात 1872 पासून असा नियम आहे की नोकरी सोडलेल्या माणसाला 'तू आता हे काम दुसरीकडे करायचं नाहीस' असं करारात बांधून ठेवता येत नाही, बहुतेक असे करार कोर्टात टिकत नाहीत. बॉस्टनजवळचा रूट 128 या हमरस्त्याच्या कडेचा पट्टा एकेकाळी इलेक्ट्रॉनिक्समध्ये सिलिकॉन व्हॅलीच्या तोडीचा होता आणि मॅसॅच्युसेट्समध्ये असे करार चालायचे. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी 1994 मध्ये दोन्हींची तुलना केली. त्यांचा भर कायद्यापेक्षा वागण्यावर आहे, एकीकडे लोक कंपन्या बदलायचे, स्पर्धकाशीही बोलायचे, दुसरीकडे मोठ्या कंपन्या सगळं आपल्या भिंतींच्या आत ठेवायच्या. कायद्याचा मुद्दा नंतर इतरांनी मांडला आणि मला तो पटतो, निदान अर्धा तरी. बाकी उधारीचा विश्वास, बुडवणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी गल्लीभर होणं, हेही धरून ठेवतं, पण ते प्रत्येक ठिकाणी असतं म्हणून त्यात फार वेळ घालवू नका.

दुकानांचं मात्र वेगळं आहे. एका रस्त्यावर सगळी सायकलीची नाहीतर चष्म्याची दुकानं असतात त्यात कामगार-सप्लायर हे कारण कमी आणि गिऱ्हाइकाचं कारण जास्त, त्याला चार ठिकाणी तुलना करायची असते म्हणून तो तिथेच येतो. हॅरॉल्ड हॉटेलिंगने 1929 मध्ये दाखवलं होतं की दोन विक्रेते एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला बघतात तेव्हा ते सरकत सरकत मध्यावर शेजारी-शेजारी येतात. कारखान्यांचा अभ्यास करताना हे मिसळू नका.

धरून ठेवणारी गोष्टच कधी अडकवते

ही पायरी मनापासून करा, कारण इथे लोकांचे संसार असतात. जुरा डोंगरात घड्याळाचं काम घरोघर वाटलेलं होतं, बर्फाच्या महिन्यांत शेतकरी खिडकीशी बसून कुणी फक्त चाकं, कुणी फक्त स्क्रू करायचा आणि एक जण सगळं गोळा करून घड्याळ जुळवायचा. ला शो-द-फों हे गाव 1794 च्या आगीत जळालं, पुढे ते सरळ समांतर रस्त्यांवर आखलं गेलं आणि घरांच्या रांगा अशा बसवल्या की कामाच्या टेबलांवर उजेड यावा, 2009 मध्ये शेजारच्या ल लोक्लसकट ते युनेस्कोच्या यादीत आलं. गावच घड्याळासाठी बांधलेलं म्हणा ना. आणि बघा काय झालं, क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक, मनगटी घड्याळ करून बघणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधल्याच न्यूशातेलची प्रयोगशाळा पहिल्यांत होती, 1967 मध्ये नमुना तयार होता. पण बाजारात पहिलं आणलं जपानच्या सेइकोने, 25 डिसेंबर 1969 ला. चाकं करणारा, स्प्रिंग करणारा, चाकांचे दाते घासणारा, या सगळ्या बारीक वाटलेल्या कामांना क्वार्ट्झमध्ये जागाच नव्हती, मग ते मनापासून कोण करणार? 1970 च्या आसपास 90,000 च्या घरात असलेले कामगार 1980 च्या दशकात साधारण एक तृतीयांशावर आले. नंतर 1983 च्या स्वॉच या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळाने आणि महागड्या यांत्रिक घड्याळांनी तो धंदा सावरला, त्याच डोंगरात, कारण बारीक काम करणारे हात अजून तिथेच होते.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला टायरच्या धंद्यात, जो एकेकाळी तिथेच गोळा झाला होता, तसं सावरता आलं नाही, वेगळ्या बांधणीचे रेडियल टायर आले आणि कारखाने एकेक करून गेले. आणि निसर्गाचा धोका वेगळाच, 2011 च्या पुरात थायलंडमधले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क मिळेनाशा झाल्या, कारण मोठा वाटा तिथेच बनत होता. म्हणून तुमच्या वहीत दोन ओळी ठेवा, कुठलं एक तंत्र बदललं तर इथले सर्वात जास्त हात रिकामे होतील, आणि कुठली एक आपत्ती सगळ्यांना एकदम गाठेल.

शोधून झालं, आता ठरवायचं कसं

स्वतःचा कारखाना टाकायचा असेल तर माल दर महिन्याला बदलतो का ते आधी बघा. डिझाइन सतत बदलत असेल, नमुने पटापट करून बघायचे असतील तर गर्दीतच जा, जागा महाग पडली, शेजारी माणसं पळवतो, डिझाइन चोरतो, तरी जा, कारण तिथे तुमचा वेळ वाचतो. माल ठरलेला असेल, पाच वर्षं तोच लागणार असेल आणि काम कागदावर लिहून कुणालाही शिकवता येत असेल तर बाहेर जाऊन स्वस्त जागेत बसा. फसगत होते ती मधल्या लोकांची, जे पहिल्याच वर्षी बाहेर जातात आणि प्रत्येक सुईसाठी गर्दीत परत येतात. आधी गर्दीत दोन-तीन वर्षं काढून काम पक्कं करा, मग हला, असं मी तरी सांगेन.

आपल्या भागात नव्याने उभं करायचं असेल तर जमिनीपासून सुरुवात करू नका. आखलेले प्लॉट, रस्ता, फाटकावर कमान, आणि आत गवत, हे जगभर दिसतं. तैवानमधलं चिप उद्योगाचं शहर शिंचू नीट बघा. सायन्स पार्क 1980 चं, पण त्याआधी 1973 मध्ये तिथे संशोधन संस्था उभी राहिली होती, दोन तांत्रिक विद्यापीठं शेजारी होती, आणि 1976 पासून तरुण इंजिनियरांना चिप बनवायचं काम शिकायला अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत पाठवलं होतं. ते परत आले, त्यांच्यातून कंपन्या निघाल्या, 1987 ला चिप बनवणारी टीएसएमसी आली. कलकत्त्याला गेलेले दोन नाडर आणि अमेरिकेला गेलेले हे इंजिनियर, काम किती वेगळं, पण आधी माणसं शिकून आली आणि इमारती नंतर. तुमच्याकडे शिकायला पाठवायला कोण तयार आहे, आणि परत आल्यावर त्याला राहावंसं वाटेल असं काय आहे, ही यादी प्लॉटच्या नकाशाआधी करा.

आणि वहीवर तारीख टाकून ठेवा. वर्षाने त्याच दहा कारखान्यांत जा, तेच तीन प्रश्न विचारा. दुरुस्तीवाला आधी अर्ध्या तासात यायचा आणि आता दोन दिवस लागतात असं कुणी म्हणालं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तो दुरुस्तीवाला कुठे गेला ते शोधून काढा.